खळ्यातल्या कुत्र्यासाठी कॅमेरा: कोकणातल्या गारठ्यात काय बघायचं, काय घ्यायचं

नोकरी मुंबईत, घर गावाला, घरात वय झालेले आई-वडील आणि खळ्यात, म्हणजे घरापुढच्या अंगणात, कुत्रा. रायगडपासून सिंधुदुर्गापर्यंत अशी घरं वाडीवाडीत आहेत. दिवाळी उलटून रात्री गार व्हायला लागल्या की चाकरमानी मुलगा किंवा मुलगी दुकानात जाऊन विचारते, "रात्री कुत्रा कसा असतो ते फोनवर दिसेल असा बाहेरचा कॅमेरा आहे का?" दुकानदार खोकं पुढे करतो. त्यावर उणे २० अंश, ८ मेगापिक्सेल, सोलर पॅनेल असं बरंच काही छापलेलं असतं. त्यातलं पुष्कळसं बर्फाच्या मुलखासाठी आहे. कोकणात कुत्र्याला गारठा लागतो तो ओलीमुळे, आणि कॅमेरा बंद पडतो तो ओल आणि खाऱ्या हवेमुळे. निवड त्या हिशेबाने करायची.

आधी कुत्र्याचं बघू

रत्नागिरी, मालवण, गुहागर अशा किनाऱ्यालगतच्या गावांत हिवाळ्यातली रात्र बहुतेक वेळा १६ ते २० अंशांच्या घरात असते. सड्यावर, म्हणजे जांभ्याच्या उघड्या माळावर, आणि सह्याद्रीच्या पायथ्याकडे सरकलं की पारा आणखी उतरतो. दापोलीत काही हिवाळ्यांत तो १० अंशांच्या आसपास जातो. आंब्याला मोहोर यावा म्हणून बागायतदार याच थंडीची वाट बघत असतो. धडधाकट, मध्यम वयाच्या गावठी कुत्र्याला एवढी थंडी सहज सोसते, फक्त त्याची जागा कोरडी हवी आणि वारा थेट अंगावर येता कामा नये.

काळजी करायची ती पिल्लांची, म्हाताऱ्या कुत्र्यांची, आजारातून उठलेल्यांची आणि डॉबरमन किंवा डॅशहंडसारख्या आखूड केसांच्या जातींची. कुत्र्याच्या शरीराचं तापमान साधारण ३८ ते ३९ अंश असतं. केसांच्या थरात अडकलेली हवा ही ऊब आत धरून ठेवते. केस भिजले की ती हवा जाते आणि ऊब झपाट्याने बाहेर पडते. पहाटे जमिनीकडून समुद्राकडे वाहणारा मतलई वारा आणि जोडीला दव असलं, तर उघड्या खळ्यातल्या लादीवर झोपलेला म्हातारा कुत्रा १८ अंशांतही कुडकुडतो. जुलैतल्या झडीत पडवीच्या कडेला भिजलेला कुत्राही तसाच कुडकुडतो, मग पारा २४ दाखवत असला तरी. म्हणून कॅमेरा घ्यायचा तो फक्त पौष-माघासाठी असं धरू नका. त्याचं खरं काम आषाढातही पडणार आहे.

कॅमेऱ्याला थंडी दिसत नाही, दिसतो तो कुत्रा. त्यामुळे चित्रात काय बघायचं ते आधी ठरवलेलं बरं. अंगाचं वेटोळं करून, नाक शेपटीखाली घालून झोपणं ही कुत्र्याची नेहमीची सवय आहे. नुसतं तेवढं दिसलं म्हणून घाबरायला नको. मात्र तो एका जागी स्वस्थ न पडता सारखा उठून जागा बदलतोय, एकेक पाय उचलून धरतोय, पाठ कमानीसारखी करून उभा आहे किंवा अंग थरथरतंय असं दिसलं, तर त्याला आत घ्यायची वेळ झाली आहे. म्हातारा कुत्रा सकाळी उठताना मागचे पाय ओढतो का, हेही रेकॉर्डिंगमध्ये नीट कळतं. डॉक्टरांना ते दाखवता येतं. तपासणीच्या टेबलावर घाबरून ताठ उभ्या राहिलेल्या कुत्र्यापेक्षा त्या मिनिटभराच्या व्हिडिओतून त्यांना जास्त समजतं.

एक साधा उपाय सांगतो. कुत्र्याच्या झोपायच्या जागेजवळ, कॅमेऱ्याला दिसेल असं एक मोठ्या तबकडीचं, काट्याचं तापमापक टांगा. अंकांच्या पडद्याचं डिजिटल नको. त्या पडद्यावरचे आकडे रात्रीच्या इन्फ्रारेड चित्रात अनेकदा दिसतच नाहीत, कारण पडद्यावरची ध्रुवक फिल्म त्या प्रकाशात काम करत नाही. काटा मात्र दिसतो.

बॅटरीचा कॅमेरा या कामाला का नको

दुकानात सर्वांत आधी पुढे येतो तो बिनवायरचा, बॅटरीवर चालणारा, वर छोटं सोलर पॅनेल असलेला कॅमेरा. लावायला सोपा असतो, म्हणून खपतो. पण कुत्र्यावर लक्ष ठेवण्यासाठी मी तो कोणालाही सुचवणार नाही.

बॅटरी वाचवण्यासाठी हा कॅमेरा जवळजवळ सगळा वेळ झोपलेला असतो. त्याला जागं करतो एक छोटा सेन्सर, ज्याला पीआयआर म्हणतात. पीआयआर म्हणजे अंगातून निघणारी उष्णता टिपणारा सेन्सर. समोरून गरम वस्तू हलत गेली आणि ती मागच्या भिंतीपेक्षा किंवा जमिनीपेक्षा वेगळी भासली, की तो कॅमेऱ्याला उठवतो. बहुतेक घरगुती कॅमेऱ्यांत हे ५ ते १० मीटरपर्यंत चालतं, आणि आडव्या जाणाऱ्या हालचालीला ते जास्त चांगलं चालतं. सरळ कॅमेऱ्याच्या दिशेने येणारी हालचाल त्याला उशिरा कळते.

आता वेटोळं करून पडलेला, थंडीने कुडकुडणारा कुत्रा डोळ्यासमोर आणा. तो जागचा हलत नाही. अंगावरच्या केसांचं बाहेरचं टोक हवेइतकंच गार झालेलं असतं. पीआयआरच्या लेखी तिथे काहीच घडत नाही, आणि कॅमेरा उठत नाही. शेजारून मांजर गेलं की दहा सेकंदांची क्लिप येते, आणि ज्या तीन तासांत कुत्र्याला त्रास झाला त्यांचं काहीच हाती लागत नाही. चोर पकडण्यासाठी ही पद्धत ठीक आहे, कारण चोर चालत येतो. आपल्याला न हलणारं जनावर बघायचं आहे.

सोलर पॅनेलचं दुसरं दुखणं असं की कोकणात जून ते सप्टेंबर आभाळ भरलेलं असतं. त्यातून घरावर आंब्याची किंवा माडाची सावली असली तर हिवाळ्यातही पॅनेलला जेमतेम ऊन मिळतं. ज्या महिन्यांत कुत्रा भिजतो त्याच महिन्यांत बॅटरी उतरते.

तेव्हा घ्यायचा तो सतत वीज मिळणारा, आतल्या मेमरी कार्डावर अखंड रेकॉर्डिंग करणारा कॅमेरा. सकाळी चहा घेताना पहाटे तीन वाजता काय झालं ते मागे जाऊन बघता आलं पाहिजे. अखंड रेकॉर्डिंगसाठी 'हाय एन्ड्युरन्स' लिहिलेलं कार्ड मागा. साधं कार्ड सततच्या लिहिण्या-पुसण्याने लवकर खराब होतं. कार्ड किती मोठं हवं याचा हिशेब सोपा आहे. दर सेकंदाला १ मेगाबिट या वेगाने रेकॉर्डिंग होत असेल तर दिवसाला सुमारे १०.८ जीबी लागतात, म्हणजे १२८ जीबीच्या कार्डात दहा-अकरा दिवस मावतात. कार्ड भरलं की जुनं आपोआप पुसलं जातं.

उणे २० अंशांचा अर्थ

खोक्यावरची "उणे २० ते ५० अंश" ही मर्यादा लेह किंवा मनालीच्या माणसाला महत्त्वाची आहे. लिथियम-आयन बॅटरी शून्याखाली चार्ज केली तर आत धातूच्या रूपात लिथियम साचतं आणि बॅटरी कायमची बिघडते. म्हणून चांगले कॅमेरे त्या तापमानात चार्जिंगच थांबवतात. शिवाय कडाक्याच्या थंडीत बॅटरीतून मिळणारी वीजही बरीच घटते. कोकणात यातलं काही होत नाही. आपल्याकडे बघायचा तो वरचा आकडा. पश्चिमेच्या भिंतीवर, सिमेंटच्या पत्र्याखाली लावलेल्या कॅमेऱ्याचं आवरण एप्रिल-मेमध्ये हवेपेक्षा खूप जास्त तापतं. तिथे ४० अंशांपर्यंतचा कॅमेरा नको, ५० किंवा त्याहून वरचा हवा, आणि जमलं तर दुपारची उन्हं थेट पडणार नाहीत अशी जागा हवी.

आयपी ६६ आणि खारी हवा

दुसरा आकडा आयपीचा, म्हणजे धूळ-पाण्यापासून बचावाचा. यातला पहिला अंक धुळीचा, दुसरा पाण्याचा. ६ म्हणजे धूळ अजिबात आत जात नाही. पाण्याच्या बाबतीत ५ म्हणजे नळीतून येणाऱ्या फवाऱ्यासमोर टिकतो, ६ म्हणजे जोरदार फवाऱ्यासमोर टिकतो, आणि ७ म्हणजे १ मीटर पाण्यात ३० मिनिटं बुडवला तरी आत पाणी जात नाही. कोकणातल्या आडव्या पावसासाठी आयपी ६६ किंवा ६७ घ्या. ६५ वळचणीखाली खोलवर लावणार असाल तर चालेल.

पण ही चाचणी साध्या पाण्याने होते. मिठाने धातू किती खातो याचा त्यात विचारच नसतो. खाऱ्या धुक्याची चाचणी वेगळी असते आणि घरगुती कॅमेऱ्यांच्या खोक्यावर तिचा उल्लेख क्वचितच सापडतो. समुद्रापासून हाकेच्या अंतरावर घर असेल तर पातळ पत्र्याच्या अंगाचा कॅमेरा टाळा. जाड, उन्हाला टिकणाऱ्या प्लास्टिकचा किंवा नीट रंग बसवलेल्या ॲल्युमिनियमचा घ्या. सोबत आलेले स्क्रू तर सरळ बाजूला ठेवा. ते पहिल्याच पावसाळ्यात गंजतात आणि नंतर कॅमेरा काढायचा म्हटलं तरी निघत नाही. बोटींच्या सामानाच्या दुकानात ३१६ दर्जाचे स्टेनलेस स्क्रू मिळतात, ते वापरा.

आणि आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट, जिच्याकडे बसवणारा वायरमनही अनेकदा दुर्लक्ष करतो. कॅमेऱ्याच्या पाठीतून एक वीतभर वायर लोंबते आणि तिच्या टोकाला वीजजोडणीची पिन असते. कॅमेरा आयपी ६६ असतो, ती पिन नसते. ती नुसती चिकटपट्टी गुंडाळून भिंतीवर सोडली, की खारं दव आत शिरतं, तांब्यावर हिरवा कळंक चढतो आणि श्रावणाच्या आत कॅमेरा बंद. मग दोष कंपनीला दिला जातो. ही पिन घट्ट झाकणाच्या, रबरी कडा असलेल्या जंक्शन बॉक्समध्येच ठेवायची. आत सिलिकॉन ग्रीसचा हात द्यायचा, वायरी बॉक्समध्ये खालून घ्यायच्या, आणि त्याआधी वायरीला खाली एक झोल द्यायचा, म्हणजे वायरीवरून ओघळणारं पाणी झोलाच्या तळाशी गळून पडतं. या बॉक्सला आणि ग्रीसला फार पैसे लागत नाहीत, आणि कॅमेऱ्याचं आयुष्य बहुतांशी यावर ठरतं. अडॅप्टर मात्र घरातच ठेवा, बाहेर फक्त कमी दाबाची वायर जाऊ द्या. कुत्र्याच्या तोंडाशी येईल तेवढी सगळी वायर पाइपातून न्या. पिल्लू तर ती चावणारच.

रात्रीचं चित्र

मेगापिक्सेलच्या मागे लागू नका. अंधारात कॅमेऱ्याला हवा असतो प्रकाश, आणि लहान सेन्सरवर जितके जास्त पिक्सेल कोंबाल तितका प्रत्येकाच्या वाट्याला कमी प्रकाश येतो. खळ्यातला कुत्रा बघायला २ ते ४ मेगापिक्सेल पुरेसे आहेत. दुकानात दिवसाचं चित्र दाखवतात. तुम्ही रात्रीचं मागा.

इन्फ्रारेड दिवे दोन प्रकारचे येतात. ८५० नॅनोमीटरचे लांबवर पोचतात, पण जवळून बघितलं तर बारीक लालसर दिसतात. ९४० नॅनोमीटरचे डोळ्याला दिसत नाहीत, पण त्यांचा पल्ला कमी. कुत्र्याला ८५० चा त्रास होत नाही, तेव्हा खळ्यासाठी तेच घ्या. आकारात घुमटासारखा डोम कॅमेरा टाळा. त्याच्या पारदर्शक कवचावर खाऱ्या पाण्याचा पापुद्रा धरतो, आतल्या दिव्यांचा उजेड त्यावर आपटून परत येतो आणि चित्र दुधाळ होतं. लांबट बुलेट किंवा भिंगावर वेगळं कवच नसलेला, गोल डोळ्याचा टरेट बरा.

या दिव्यांच्या उबेला आणि उजेडाला किडे येतात आणि किड्यांसाठी कोळी. भिंगासमोरचा एक कोळिष्टकाचा धागाही रात्री पांढऱ्या दोरखंडासारखा दिसतो आणि वाऱ्याने हलला की फोनवर सूचनांचा भडिमार होतो. काही कॅमेऱ्यांत बाहेरचा वेगळा इन्फ्रारेड दिवा लावायची सोय असते. तो कॅमेऱ्यापासून हातभर दूर लावला की हा उपद्रव पुष्कळ कमी होतो. पावसाचे थेंब आणि पहाटेचं धुकं याला मात्र इलाज नाही, त्या वेळी चित्र पुसट येणारच.

भिंगाचा कोन किती हवा हे अंतरावर ठरतं. २.८ मिलिमीटरचं भिंग साधारण १०० अंशांच्या आसपास रुंद दाखवतं, म्हणजे अख्खं खळं एका चित्रात येतं. ६ मिलिमीटरचं निम्म्याच्या आसपास रुंदी दाखवतं, पण लांबचा कुत्रा मोठा दिसतो. मांगरात किंवा बागेत राखणीला ठेवलेला कुत्रा लांबून बघायचा असेल तरच ६ चं घ्या. आणि कॅमेरा कुत्र्याच्या खोपीत अगदी जवळ लावू नका. दिवा थेट अंगावर पडून सगळं पांढरं फटक दिसतं. तीन-चार मीटरवरून, दोन मीटरच्या आसपास उंचीवरून, थोडा तिरका लावला की अंगाची थरथरसुद्धा कळते.

वीज आणि नेट

आपली जुनी घरं चिऱ्याची. जांभ्या दगडाच्या जाड भिंतीतून वायफायचा दम निघतो. माजघरात ठेवलेल्या राउटरचा सिग्नल मागीलदारी पोचेल अशी आशा धरू नका. कॅमेरा २.४ गिगाहर्ट्झवर चालणारा घ्या, कारण ५ गिगाहर्ट्झच्या लहरी भिंतींना आणखी लवकर हार जातात. राउटर ओटीच्या खिडकीत आणा. कॅमेरा घेण्याआधी फोन हातात धरून, जिथे तो लावायचा तिथे उभं राहून, दारं-खिडक्या लावून वायफाय बघा. तिथे फोनवर व्हिडिओ अडकत असेल तर कॅमेराही अडकणार.

नेटची वायर घालणं शक्य असेल तर 'पीओई' हा उत्तम मार्ग आहे. त्यात एकाच नेटवर्क केबलमधून वीज आणि चित्र दोन्ही १०० मीटरपर्यंत जातं. फक्त लांब केबल म्हणजे विजेच्या कडकडाटात आत शिरणाऱ्या झटक्याला वाट. अवकाळी पावसात आणि मृगाच्या सुरुवातीला आपल्याकडे विजा पडतात. केबलच्या टोकाला सर्ज प्रोटेक्टर आणि घराला नीट अर्थिंग नसेल तर पीओईच्या वाटेला जाऊ नका.

घरात नेटच नसेल तर सिमकार्डवर चालणारा ४जी कॅमेरा मिळतो. तिथे डेटाकडे लक्ष ठेवा: १ मेगाबिटच्या वेगाने थेट चित्र तासभर बघितलं तर सुमारे ४५० एमबी जातात. रेकॉर्डिंग कार्डावर होऊ द्या, बघा फक्त हवं तेव्हा.

वीज जाणारच हे धरून चाला. राउटर आणि कॅमेरा दोन्ही १२ व्होल्टचे असतील तर छोट्या डीसी यूपीएसवर काही तास निघतात. चक्रीवादळाची गोष्ट वेगळी. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं तेव्हा श्रीवर्धन, दापोली, मंडणगड भागात कित्येक गावांना वीज परत मिळायला आठवडे लागले. अशा वेळी कुठलाच कॅमेरा उपयोगी नाही, तेव्हा वादळाचा इशारा आला की कुत्र्याची साखळी सोडून त्याला घरात घ्यायला सांगा.

बिबट्या आणि फुरसं

कोकणात रात्री खळ्यात बांधलेल्या कुत्र्याला थंडीपेक्षा मोठा धोका बिबट्याचा आहे. बांधलेला कुत्रा त्याला सर्वांत सोपं भक्ष्य. कॅमेरा हे थांबवू शकत नाही. मुंबईत बसून स्पीकरमधून ओरडून काही होत नाही, चित्र तुमच्यापर्यंत पोचेतो दोन-चार सेकंद गेलेले असतात. ज्या वाडीत बिबट्याचा वावर आहे तिथे कुत्रा रात्री बंद दाराआड हवा, पडवीत जाळी लावून किंवा घरात. बिबट्या चित्रात दिसला तर वनखात्याच्या १९२६ या क्रमांकावर कळवा, आणि तो व्हिडिओ वाडीच्या ग्रुपवर टाकण्याआधी शेजाऱ्यांना फोन करून सावध करा.

सापाच्या बाबतीत मात्र रेकॉर्डिंग खरंच उपयोगी पडतं. जांभ्याच्या सड्यावर फुरसं सर्रास असतं. सकाळी कुत्र्याचा पाय किंवा तोंड सुजलेलं दिसलं तर रात्री नेमकं कधी, काय झालं ते मागे जाऊन बघता येतं. ती वेळ डॉक्टरांना सांगता आली तर उपचाराला मदत होते. अर्थात व्हिडिओ शोधत बसून कुत्र्याला न्यायला उशीर करू नका. एकाने गाडी काढावी, दुसऱ्याने वाटेत बघावं.

यासाठी आवाज टिपणारा कॅमेरा हवा. भुंकण्याचा सूर बदलला की घरच्या माणसाला तो लगेच ओळखू येतो. सूचना मात्र मोजक्या ठेवा: फक्त खोपीभोवतीचा भाग आखून द्या, आणि सोय असेल तर 'प्राणी' आणि 'माणूस' एवढंच निवडा. माडाच्या झावळीसाठी रात्रभर फोन वाजू लागला की तिसऱ्या दिवशी माणूस सूचना बंद करून टाकतो. सूचना आली की गावात कोणाला फोन करायचा, हेही आधी ठरवून ठेवा. आई-वडिलांना गुडघेदुखीने रात्री उठवत नसेल तर शेजारचा दादा, वहिनी, बागेचा राखणदार, ज्याच्याकडे फाटकाची किल्ली आहे असं कोणीतरी हवं.

पासवर्ड आणि शेजार

अगदी अनोळखी नावाचा, स्वस्त कॅमेरा घेऊ नका. सीसीटीव्ही कॅमेऱ्यांसाठी केंद्र सरकारच्या सक्तीच्या सुरक्षा अटी एप्रिल २०२५ पासून लागू आहेत. बीआयएसची (भारतीय मानक ब्युरोची) नोंदणी आणि एसटीक्यूसी या सरकारी संस्थेची चाचणी झालेलं मॉडेल आहे का, ते दुकानदाराला विचारा. घरी आल्याबरोबर मूळ पासवर्ड बदला. आणि कॅमेऱ्याचं तोंड शेजाऱ्याच्या खळ्याकडे, विहिरीकडे किंवा न्हाणीघराकडे वळलेलं नाही ना, ते शेजाऱ्यांना सोबत घेऊनच बघा.

लावताना आणि नंतर

पावसाळी वारा नैऋत्येकडून येतो, म्हणून कॅमेऱ्याचं तोंड तिकडे नको. वळचणीखाली, पूर्व किंवा उत्तर अंगाला जागा शोधा. कौलांची कड चित्रात येऊ देऊ नका, रात्री तिच्यावरून दिव्याचा उजेड परत फिरतो. भोकं पाडण्याआधी कॅमेरा सुतळीने तात्पुरता बांधून एक रात्र काढा आणि सकाळी ते चित्र बघा.

कुत्र्याची जागाही त्याच वेळी नीट करून घ्या. जमिनीपासून वीतभर वर फळी, त्यावर हिवाळ्यात कोरडा पेंढा किंवा गोणपाट, तोंड वाऱ्याच्या उलट. पेंढा आठवड्याने बदला, त्यात आणि चिऱ्याच्या फटींत गोचीड लपतात. पावसाळ्यात पेंढा नको, तो बुरसतो. उबेसाठी वायर ओढून बल्ब सोडू नका. पेंढा आणि उघडा बल्ब एकत्र म्हणजे आगीला आमंत्रण.

महिन्यातून एकदा गोड्या पाण्यात भिजवलेल्या मऊ फडक्याने भिंग आणि अंग पुसा, आधी पाणी ओतून मीठ धुऊन काढा, नाहीतर कोरड्या मिठाने भिंगावर ओरखडे येतात. आगोटीच्या, म्हणजे पावसाळ्याआधीच्या, कामांत कौलं परतताना जंक्शन बॉक्स उघडा, कळंक दिसला तर पिन कापून नवी लावा, ग्रीस पुन्हा भरा आणि रबरी कड सुकून भेगाळली असेल तर बदला.